उन्हाळ्यातलं शूट आणि असिस्टंटचं काम: आदल्या रात्रीपासून बॅकअपपर्यंत, क्रमानं

लग्नसराई लागली की कोल्हापुरात प्रत्येक फोटोग्राफरकडं एखादं-दुसरं नवीन पोरगं किंवा पोरगी असिस्टंट म्हणून दिसायला लागते, आणि मे निम्मा होईपर्यंत त्यांच्याकडनं त्याच तक्रारी ऐकू येतात, कॅमेरा तापून बंद पडला, सकाळी सकाळी लेन्सवर वाफ धरली, बॅटऱ्या दुपारीच संपल्या, नाहीतर स्वतःलाच चक्कर आली. खोलात जाऊन विचारलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून एका दिवसाचं काम ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं लिहितोय. सकाळी पन्हाळ्याला कपल शूट आणि दुपारी कार्यालयात लग्न असा दिवस धरलाय, सीझनमध्ये असे दिवस येतातच.

१. आदली रात्र

पहिलं काम फोन करायचा. फोटोग्राफर दादांना किंवा ताईंना विचारून घ्या की किती वाजता कुठं भेटायचं, मुहूर्त किती वाजताचा, कार्यालयात एसी आहे का, गाडी कुठपर्यंत जाते. पैसे, जेवण, उशीर झाला तर घरी कसं जायचं हेही तेव्हाच बोलून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सकाळी साडेचारला गाडीत बसल्यावर हा विषय काढणं दोघांनाही अवघड जातं.

मग बॅटऱ्या. रात्री जेवायच्या आधीच चार्जिंगला लावा म्हणजे झोपायच्या आत सगळ्या भरून थंडही होतात. पहाटे उठून चार्ज करू म्हणणारा शेवटी निम्म्या भरलेल्या आणि गरम बॅटऱ्या घेऊन निघतो. प्रत्येक बॅटरीवर मास्किंग टेप लावून नंबर टाका. भरलेल्या डाव्या कप्प्यात, संपलेल्या उजव्या कप्प्यात, हा नियम एकदा ठरला की दिवसभर मोडायचा नाही. प्रत्येक बॅटरी सपाट टेबलावर आडवी ठेवून बोटानं गरकन फिरवून बघा, भोवऱ्यासारखी फिरली तर तिचं पोट फुगलंय. फुगलेली बॅटरी चार्जिंगलाही लावायची नाही आणि कॅमेऱ्यातही घालायची नाही, आत अडकली तर निघत नाही.

कार्डांवरही नंबर पाहिजेत. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही, आणि फोटोग्राफरनं "मागचं कॉपी झालंय, कर" असं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय अजिबात करायचं नाही. "झालं असेल" या शब्दावर एका कुटुंबाच्या साखरपुड्याचे फोटो गेलेले मी जवळून बघितलेत, ते लोक काही ओरडले नाहीत, नुसते बसून राहिले, ते अजून आठवतं.

दोन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसते कॅमेरे) असतील, दुसरा शूटर असेल, तर सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ मोबाईलशी मिनिटापर्यंत जुळवा. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण राहिलं तर एडिटिंगवाल्याचे दोन दिवस जातात कारण हळद आणि अक्षता एकमेकांत मिसळतात.

व्हिडिओ असेल आणि बॉडी सोनीची असेल तर मेनूत ऑटो पॉवर ऑफ टेंप नावाचं सेटिंग बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, ते विचारून 'हाय'वर ठेवा. नाहीतर बॉडी थोडी तापली की कॅमेरा स्वतःहून बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं बिघडला.

तपासा: बॅटऱ्या मोजल्या, कार्डं मोजली, ट्रिगरचे (दुरून फ्लॅश पेटवणाऱ्या डबीचे) सेल नवीन आहेत, ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याला किंवा ट्रायपॉडलाच लावलेली आहे. ही प्लेट घरी राहते, दर सीझनला कुणाची तरी राहतेच.

२. स्वतःची तयारी

कपडे सुती, सैल, फुल बाह्यांचे, आणि रंग करडा किंवा मळकट खाकी. काळा तापतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण लाल, हिरवा, भडक पिवळा शर्ट घालून कपलच्या दोन फुटांवर रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा) धरून उभं राहिलं की त्या शर्टाचा रंग त्यांच्या गालावर उतरतो हे कुणी सांगत नाही. पायात बूट पाहिजेत. चप्पल कितीही आवडीची असली तरी कार्यालयातल्या स्टेजच्या कापडावर आणि तलावाच्या ओल्या पायऱ्यांवर ती घसरते, आणि तेव्हा हातात लाखाची लेन्स असते.

सनस्क्रीन निघायच्या आधी वीसेक मिनिटं लावा आणि नंतर तळहात साबणानं धुवा. तो तेलकट हात लेन्सच्या काचेला लागला की सूर्यासमोरच्या प्रत्येक फोटोत धुरकट पट्टा दिसतो. डासांची क्रीम लावली असेल तर आणखी जपा, त्यातल्या डीट नावाच्या रसायनानं प्लास्टिक आणि रबर खराब होतं.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. पहाटेच्या शूटला जाताना रिकाम्या पोटी कट मारून मिसळ खायची नाही, दुपारच्या उन्हातल्या कामाआधी तांबडा-पांढरा ओरपायचा नाही. दोन्ही मलाही जिवापाड आवडतात, काम संपल्यावर खा. सकाळी केळी, पोहे, दुपारी दहीभात, ताक. पाणी तहान लागायची वाट न बघता, उन्हात असाल तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास. ओआरएसची पुडी बॅगेत असू दे. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाचे चमचे, मीठ अंदाजानं जास्त टाकायचं नाही.

३. गाडीत सामान भरताना

शेवटी लागणारं आधी आत, पहिल्यांदा लागणारं सगळ्यात शेवटी, म्हणजे ते वर राहतं. स्टँड खाली, त्यावर सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी), कॅमेरा बॅग मागच्या सीटच्या पायाशी. डिकीत किंवा डॅशबोर्डवर कॅमेरा, बॅटरी, हार्ड डिस्क काहीच नको. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये काम करायचं तापमान ४० डिग्रीपर्यंतच दिलेलं असतं, आणि उन्हात बंद करून लावलेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या कितीतरी वर जाते.

बर्फाचा डबा आणि कॅमेरा बॅग शेजारी शेजारी ठेवायची नाही. तापलेल्या कॅमेऱ्याला बर्फाची पिशवी लावणारे मी बघितलेत, कॅमेरा थंड होतो हे खरं, पण हवेतला ओलावा त्याच्यावर आणि त्याच्या आत पाणी होऊन बसतो.

आता वाफेचं. गार काच दमट हवेत आली की तिच्यावर पाणी धरतं, इतकंच ते आहे. कोल्हापुरात दुपारच्या कोरड्या उन्हात हे फार होत नाही, पहाटे आणि वळीव पडून गेल्यावर मात्र हमखास होतं. म्हणून पन्हाळ्याला जाताना वाघबीळ ओलांडलं की एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या आणि बॅगेची चेन तशीच बंद ठेवायची. वर पोचेपर्यंत सामान बाहेरच्या हवेला येतं. हे चुकलंच आणि वाफ धरली तर काच पुसत बसू नका, पुन्हा धरते. बॅग बंद करून वीस-तीस मिनिटं थांबायचं, दुसरा इलाज नाही.

४. लोकेशनवर

मेच्या मध्यावर आपल्याकडं सूर्य सकाळी साधारण ६ वाजून २ मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी सातला चार-पाच मिनिटं कमी असताना मावळतो. पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर, म्हणजे साडेचारला निघालं तर साडेपाचला स्टँड उभा राहतो. साडेआठनंतरचा उजेड कडक होत जातो, त्यामुळं महत्त्वाचे फोटो आधी आणि कपडे बदलणं नंतर असा क्रम फोटोग्राफरला आदल्या दिवशीच सुचवून ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत ट्रायपॉड आणि लाइट लावायचे तर परवानगी आधी काढावी लागते, तिथल्या माणसाशी हुज्जत घालण्यात पहाटेचा उजेड निघून जातो.

स्टँड लावताना पाय पूर्ण उघडायचे, एक पाय वजनाच्या दिशेला, म्हणजे सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला. आधी सँडबॅग अडकवायची, मग लाइट चढवायचा, मग उंची वाढवायची. उतरवताना याच्या बरोबर उलटं. सँडबॅग नसेल तर पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून बांधा. उंच केलेला स्टँड तसाच उचलून पळायचं नाही, आधी खाली घ्या.

लेन्स देताना-घेताना बोलायचं. देणारा म्हणतो "धरली?", घेणारा म्हणतो "धरली, सोड", आणि हे ऐकल्यावरच हात सोडायचा. घाईत हे बालिश वाटतं, तरी करा, पडलेल्या लेन्सची गोष्ट विचारली तर दोघंही म्हणतात मला वाटलं त्यानं धरलीय. लेन्स बदलताना वाऱ्याकडं पाठ, कॅमेऱ्याचं तोंड खाली, नवीन लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवलेलं. सेन्सरवर किंवा काचेवर तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) वापरा.

सावधान: मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा ट्रायपॉडवर सूर्याकडं तोंड करून उघडा सोडायचा नाही. लेन्स भिंगासारखं काम करते आणि आत शटर किंवा सेन्सर भाजतो. शॉट संपला की टोपी लावा, मग पाणी प्या.

आता दुपारचा उजेड, कारण कितीही ठरवलं तरी कुणीतरी उशिरा येतं आणि साडेअकरा वाजतात. ६-७ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर याचा अर्थ असा की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आणि नाकाखाली मिशी. अशा वेळी रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू घेऊन खालनं उजेड मारणं ही नवीन असिस्टंटची सगळ्यात ठरलेली चूक. हनुवटीखालनं आलेला उजेड चेहरा भेसूर करतो आणि समोरच्याचे डोळे मिटतात. त्याऐवजी पाच-इन-एक रिफ्लेक्टरचं कव्हर काढून आतला पांढरा अर्धपारदर्शक डिफ्यूझर (उजेड गाळून मऊ करणारं कापड) घ्या आणि डोक्याच्या वर, फ्रेमच्या अगदी काठापर्यंत जवळ आणा. जेवढा जवळ तेवढा उजेड मऊ. जमिनीकडं बघत राहा, डिफ्यूझरच्या सावलीत दोघांची डोकी आणि खांदे पूर्ण बसले पाहिजेत, एका कानावर ऊन राहिलं तर तो कान फोटोत पांढराफटक येतो. आणि एक गोष्ट विसरली जाते, डिफ्यूझरनं चेहऱ्यावरचा उजेड साधारण एक-दीड स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मागं मात्र ऊन तसंच असतं, म्हणून मागं झाडी, भिंत, सावलीतली कमान असेल अशीच जागा शोधून द्या. हे शोधणं तुमचं काम आहे, फोटोग्राफर कपलशी बोलत असतो.

सोनेरी रिफ्लेक्टर संध्याकाळी आणि हळदीला बॅगेतनं काढूच नका. आधीच पिवळ्या उजेडात माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात.

रंकाळा, पंचगंगा घाट, जिथं काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत तिथं अकरानंतर नवरीला अनवाणी उभं करायच्या आधी स्वतःचा तळहात दगडावर पाच सेकंद ठेवून बघा. ठेवता आला नाही तर चटई पसरा, पाय फ्रेममध्ये येणार असतील तेवढाच वेळ काढा. हात हीच तपासणी कॅमेऱ्यालाही. दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा गवतावर किंवा दगडावर न ठेवता सावलीत, बॅगेवर पांढरा पंचा टाकून, स्क्रीन उघडणारी असेल तर बॉडीपासून बाहेर ओढून. रिफ्लेक्टर रिकामा असेल तेव्हा त्याची सावली कॅमेऱ्यावर धरा. फ्लॅशनं फुल पॉवरवर सलग बरेच शॉट मारले असतील तर तो तापून मंदावतो, दोन फ्लॅश असतील तर आलटून पालटून द्या. उन्हातनं काढलेली गरम बॅटरी लगेच पॉवर बँकेला जोडायची नाही, हाताला साधी लागेपर्यंत सावलीत राहू दे.

थांबायची खूण

डोकं जड, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, ही पहिली घंटा. काम सांगून थांबवा, सावली, पाणी, ओआरएस, मानेवर ओला रुमाल. कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून निघालंय, तोल जातोय, तर तो उष्माघात समजून वागायचं. १०८ ला फोन, तोवर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतत वारा घालायचा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शूट पुढं ढकलता येतं. "दादा, मला कसंतरी होतंय" हे बोलायला जो असिस्टंट घाबरतो त्याच्यामुळं सगळं युनिट अडचणीत येतं, आणि जो फोटोग्राफर हे ऐकून चिडतो त्याच्याकडं परत जायचं नाही असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

५. कार्यालयात

आत गेल्यावर पहिल्यांदा बॅगेची जागा ठरवा. एसीच्या झोताखाली नको, केटरिंगच्या वाटेवर नको, नातेवाइकांच्या खुर्च्यांमध्ये तर अजिबात नको. स्टेजच्या बाजूला, एका माणसाच्या नजरेत. मग सॉकेट शोधा, एक्स्टेंशनची वायर गॅफर टेपनं जमिनीला चिकटवा, लहान पोरं पळतात.

व्हिडिओवाल्याला स्टेजवरच्या एलईडी माळा आणि पॅनलमुळं पट्टे दिसत असतील तर आपल्याकडं वीज ५० हर्ट्झवर असते, शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणून बघा, बहुतेक वेळा जातात.

हळदीच्या वेळी तुमचा एक हात कोरडा राहिला पाहिजे. हळदीचे हात बॉडीला लागले तर पुसलं जाईल, काचेला लागलं तर आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर. शर्टाचा शेव नको, त्यात मीठ आणि धूळ असते.

अंतरपाट धरायच्या दहा मिनिटं आधी, मागायची वाट न बघता, दोन्ही बॉडीत नवीन बॅटरी आणि जागा असलेलं कार्ड. जुन्या बॅटरीत चाळीस टक्के उरले असले तरी बदला. मंगलाष्टका चालू असताना कार्ड फुल झालं तर तो क्षण परत कुणी देत नाही. काढलेलं कार्ड डबीत उलटं, म्हणजे नाव खाली, आणि त्याचं लॉक सरकवून. डबी कंबरेच्या चेनच्या पाऊचमध्ये, पँटच्या खिशात नाही, तिथं घाम मुरतो. अक्षता पडायला लागल्या की वापरात नसलेल्या कॅमेऱ्यावर पंचा टाका. तांदळाचा दाणा हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश, ट्रिगर लावायच्या जागेच्या) खाचेत बसला की ट्रिगर लागत नाही आणि कारण पटकन सापडत नाही.

जोतिबाची चैत्र यात्रा किंवा गुलालाची वरात असेल तर नियम आणखी कडक, लेन्स बदलायचीच नाही. एक लेन्स लावून बॉडी आधीच प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळा. घरी आल्यावर गुलाल कोरड्या ब्रशनं आणि ब्लोअरनं काढायचा, ओलं फडकं शेवटी, आधी ओलं लावलं की तो रंग होऊन फटीत मुरतो.

६. वळीव आला तर

एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग उभे चढायला लागले, वारा एकदम पडला आणि उकाडा वाढला की समजायचं. पाऊस यायच्या आधी धुळीची वावटळ येते आणि सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. एका संध्याकाळी रंकाळ्यावर "अजून एकच शॉट" म्हणत थांबलो आणि सँडबॅग असूनही स्टँड लाइटसकट आडवा झाला, तेव्हापासून मी वारा फिरला की विचारत नाही, सांगतो, की लाइट उतरवतोय.

क्रम असा, आधी स्टँड खाली, मग फ्लॅश बंद, मग बॅटरी काढायची, मग सॉफ्टबॉक्स, आणि हे होईपर्यंत दुसऱ्यानं कॅमेरा बॅग बंद केलेली असते. मसाई पठारासारख्या उघड्या जागी असाल आणि गडगडाट ऐकू आला तर सामान आवरत बसू नका, स्टँड हातातनं टाका आणि माणसं गाडीत बसवा, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गाडीतच. भिजलेला फ्लॅश चालू करून बघायचा नाही आणि घरी खोलायचा तर मुळीच नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद असतानाही जोराचा धक्का देण्याइतका चार्ज असतो.

७. आवराआवर आणि बॅकअप

लोकेशन सोडताना बॅगेतल्या कप्प्यांवरून मोजा, आठवणीवरून नाही. रिकामा कप्पा दिसला की वस्तू शोधायची. सगळ्यात जास्त राहतात त्या वस्तू म्हणजे लेन्सची टोपी, चार्जर आणि कार्यालयाच्या सॉकेटला लावलेला एक्स्टेंशन बोर्ड.

घरी किंवा स्टुडिओत आल्यावर लॅपटॉप थोडा थंड होऊ दे. कार्डं नंबरप्रमाणं एका ओळीत लावा आणि एक एक करून दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करा. एकाच डिस्कवर दोन फोल्डर म्हणजे एकच कॉपी. कट-पेस्ट कधीच नाही. कॉपी झाली की कार्डावरच्या फाइलींचा आकडा आणि डिस्कवरचा आकडा जुळवा, सुरुवातीचा, मधला, शेवटचा फोटो उघडून मोठा करून बघा, व्हिडिओ असेल तर थोडा चालवून बघा. मग एक डिस्क फोटोग्राफरकडं आणि दुसरी दुसऱ्या जागी. कार्ड रिकामं त्या रात्री करायचं नाही, पुढच्या शूटच्या आदल्या रात्री, विचारून.

घामानं भिजलेले पट्टे आणि ग्रिप किंचित ओल्या कापडानं पुसून लगेच कोरड्या कापडानं पुसा. बॅग उघडी ठेवून रात्रभर पंख्याखाली, सिलिका जेलच्या पुड्या बदलून, कारण जूनमध्ये पाऊस लागला की याच बॅगेत लेन्सला बुरशी धरते. सॉफ्टबॉक्स ओला असेल तर उघडून वाळवा. काही तुटलं, पडलं, ओरखडा आला असेल तर त्याच रात्री फोटोग्राफरला फोटो काढून पाठवा आणि सरळ सांगा. बॅटऱ्या थंड झाल्या असतील, आता चार्जिंगला लावा.